दिनविशेष : १६ जानेवारी – गोमंतकाचा कौल

आपला मुलूख महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित म्हणून पृथक् राहावा, या एकाच प्रश्नावर गोमंतकातील मतदारांनी १९६७ साली आजच्या दिवशी कौल दिला; अक्षरशत्रू रयतेचाही गोंधळ उडू नये म्हणून विलीनीकरणास ‘फूल’ आणि पृथक् अस्तित्वास ‘दोन पाने’ अशी चिन्हे मुक्रर झाली होती. विलीनीकरणाचे पुरस्कर्ते मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी मतदानापूर्वीच राजीनामा दिला होता. प्रतिपक्षाची धुरा डॉ. जॅक सिक्वेरा वाहत होते. विलीनीकरणास १,३८,१७० मते अनुकूल, तर १,७२,१९१ प्रतिकूल पडली.

संयुक्त महाराष्ट्राचे यश ताजे असलेल्या महाराष्ट्र राज्यात तो निकाल अनेकांच्या जिव्हारी लागला. भाषा जुळली म्हणजे मनेही जुळली, हे गृहीत धरण्यात आपल्या पुढाऱ्यांनी जरा घाईच केली, असे आमचे नम्र मत आहे. असा कौल परदेशांतही घेतला गेला : पुढे १९७२ साली युरोपीय समुदायाचा विस्तार होऊ घातला असता डेन्मार्क व आयर्लंड यांनी सार्वमताने होकार भरला, नॉर्वेने मात्र साफ नकार दिला. गोमंतकीय मतदार नॉर्वेच्या मतदाराहूनही चतुर म्हणावा; विलीनीकरण नाकारून तीन महिने लोटण्यापूर्वीच त्याने बांदोडकरांना पुनश्च मुख्यमंत्रिपदी बसविले.