भाड्याच्या घराचे कुलूप उघडायचे कोणी?

दार ओढले की आपोआप लागणारे लॅच आज शहरांतील असंख्य सदनिकांच्या दाराला आढळते. चावी आत राहते आणि माणूस बाहेर. घर स्वतःचे असेल तर चावीवाल्याला बोलावले की प्रश्न मिटतो. घर भाड्याचे असेल तर मात्र दार एकाच्या मालकीचे आणि त्यामागचा संसार दुसऱ्याचा, अशी स्थिती असते. अशा वेळी कुलूप उघडायचे कसे, याच्या आधी ते उघडवण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न उभा राहतो. घाईत या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले, तर काही मिनिटांचे काम पुढे पोलीस ठाण्यापर्यंत वा न्यायालयापर्यंत जाऊ शकते.

राहणाऱ्याचा अधिकार

भाडेकरार वा लिव्ह अँड लायसन्स करार चालू असताना घराचा वापर राहणाऱ्याकडे असतो. त्यामुळे चावी हरवल्यास वा आत राहिल्यास चावीवाल्याला बोलावण्याचा अधिकार त्याचाच. त्यासाठी मालकाची पूर्वपरवानगी घेणे प्रत्येक वेळी शक्य नसते. मात्र त्याला दूरध्वनी करून वा संदेश पाठवून कळवणे शहाणपणाचे. नुसते उघडणे वेगळे आणि कुलूप बदलणे वेगळे, हेही लक्षात ठेवावे. कुलूप बदलायचे असल्यास करारातील अट पाहावी आणि मालकाची लेखी संमती घ्यावी.

मालकाकडे दुसरी चावी असली, तरी ती म्हणजे घरात शिरण्याचा परवाना नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २८ नुसार मालकाला जागेची पाहणी करता येते. पण त्यासाठी आधी सूचना द्यावी लागते आणि वेळही वाजवी असावी लागते. भाडेकरू गावाला गेला असताना चावीवाल्याकडून दार उघडवून ‘जरा पाहून येणे’ या तरतुदीत बसत नाही.

भाडे थकले, दाराला कुलूप

सर्वाधिक चुका येथे होतात. भाडेकरूने काही महिने भाडे दिलेले नाही, दूरध्वनी बंद आहे, दाराला कुलूप आहे. अशा वेळी चावीवाल्याला बोलावून दार उघडावे, सामान बाहेर काढावे आणि नवे कुलूप लावावे, असा सल्ला मालकाला सहज मिळतो. तो धोक्याचा आहे. स्थिर ताबा असलेल्या व्यक्तीचा तेथे राहण्याचा हक्क संपला आहे असे गृहीत धरले, तरी मालकाला कायद्याचा मार्ग सोडून तिला बाहेर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे. विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, कायदेशीर प्रक्रियेविना ज्याचा ताबा हिरावला गेला त्याला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्यासाठी दावा दाखल करता येतो.

फौजदारी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली. तिच्या कलम ३३० मध्ये गृहभेदनाची व्याख्या आहे आणि गृह-अतिक्रमणासाठी कुलूप उघडणे हा त्यातील एक प्रकार आहे. त्यात हेतू महत्त्वाचा असला, तरी तक्रार झाल्यास खुलासा मालकाबरोबर चावीवाल्यालाही करावा लागतो.

लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यानंतरही राहणारा जागा सोडत नसेल, तर मालकाला उपाय आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार निवासी जागेसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रकमेची नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी करार लेखी व नोंदणीकृत हवा. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकावरच आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आधी पोलीस, मग चावीवाला

काही प्रसंगी चावीवाल्याचा क्रमांक नंतर लागतो. दार बंद होऊन लहान मूल वा आजारी व्यक्ती आत अडकली असेल, शेगडी पेटलेली राहिली असेल वा गॅसचा वास येत असेल, तर अग्निशामक दलाला १०१ वर किंवा आपत्कालीन मदतीसाठी ११२ वर कळवावे. आत राहणारी व्यक्ती प्रतिसाद देत नसेल, तर शेजारी वा मालक यांनी स्वतः दार न फोडता पोलिसांना बोलवावे.

चोरी झाल्याचे दिसल्यास तुटलेल्या कुलपाला वा कडी-कोयंड्याला हात लावू नये. पंचनामा झाल्यावरच दुरुस्ती करावी. बंद सदनिकेतून पाण्याची गळती होत असेल, तर गच्चीवरील वा मीटरजवळील संबंधित नळजोडाची चावी बंद करणे हा पहिला उपाय. त्यानंतर भाडेकरूशी संपर्क साधून त्याच्या संमतीने, सोसायटीचा पदाधिकारी व शेजारी यांच्यासमक्ष दार उघडावे. संपर्क होत नसेल, तर पोलिसांना कळवून पुढचे पाऊल टाकावे.

कारागीर काय करतो?

लॅच केवळ ओढले गेले असेल, चावीने बंद केलेले नसेल, तर कुशल कारागीर कुलपाला इजा न करता ते उघडू शकतो. चावी हरवली असेल, तर तो कोरी चावी कुलपात घालून फिरवतो, तिच्यावर उमटलेल्या खुणा पाहून कानशीने घासतो आणि हळूहळू नवी चावी तयार करतो. चावी आतच तुटली असेल, तर तुकडा बारीक अवजाराने काढता येतो. या प्रसंगात तेल ओतणे, दुसरी चावी जोराने दाबणे असे प्रयोग केल्यास काम अवघड होते.

सिलिंडरला ड्रिलने भोक पाडणे हा शेवटचा उपाय. त्यात सिलिंडर निकामी होते, पण बहुतेक वेळा केवळ तेवढेच बदलून भागते. चावी पत्त्याच्या कागदपत्रांसह हरवली असेल, तर नुसती नवी चावी करून न थांबता सिलिंडर बदलावे. आकड्यांवर वा बोटाच्या ठशावर चालणारे कुलूप बॅटरी संपल्याने बंद पडले असेल, तर अनेक नमुन्यांत बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवण्याची सोय किंवा जोडीला साधी चावी असते. दाराला हात घालण्यापूर्वी माहितीपुस्तिका पाहावी.

कोणाला बोलवावे?

अनोळखी माणसाला घराचे कुलूप दाखवणे म्हणजे घराची कमजोर बाजू दाखवणे होय. दारावर येणाऱ्या फिरत्या चावीवाल्यापेक्षा परिसरात वर्षानुवर्षे बसणारा कारागीर केव्हाही बरा. सोसायटीचे कार्यालय, पहारेकरी वा जवळचा हार्डवेअर दुकानदार यांच्याकडून असा क्रमांक आधीच घेऊन ठेवावा. येण्याचे, उघडण्याचे आणि सुट्या भागाचे पैसे वेगवेगळे विचारावेत. दूरध्वनीवर अल्प दर सांगून, आल्याबरोबर ‘कुलूप तोडावेच लागेल’ असे म्हणणाऱ्याला कारण विचारावे आणि पटले नाही तर काम थांबवावे. काम चालू असताना घरातील कोणीतरी तेथेच उभे राहावे. कपाटाची चावी करून घेताना आतील दागिने व रोकड आधी हलवता येत नसेल, तर कारागिराला एकटे सोडू नये. तयार झालेल्या सर्व चाव्या मोजून घ्याव्यात आणि पावती मागावी.

चांगला कारागीरही प्रश्न विचारतो. घर कोणाचे, करार कोठे आहे, ओळखपत्र आहे का, शेजारी ओळखतात का, ही विचारणा अपमान मानू नये. ती दोघांचेही रक्षण करते. भ्रमणध्वनीवर कराराची व ओळखपत्राची प्रत ठेवल्यास रात्री-अपरात्री खोळंबा होत नाही.

खर्च कोणाचा?

चावी हरवली वा निष्काळजीपणाने तुटली, तर खर्च राहणाऱ्याने सोसावा आणि कुलूप जुने होऊन बिघडले, तर मालकाने, हा व्यवहाराचा सरळ नियम. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी करारातील अटच प्रमाण मानावी.

करारातच लिहून ठेवावे

पुढील मुद्दे करारात नोंदवले, तर वादाचे प्रसंग टळतात:

- एकूण किती चाव्या दिल्या आणि मालकाने स्वतःकडे किती ठेवल्या.
- आपत्कालात दार कोणाच्या उपस्थितीत उघडता येईल.
- कुलूप बदलल्यास नवी चावी मालकाला द्यायची की नाही.
- मालक परगावी वा परदेशी असल्यास त्याच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती कोण.
- एकाच घरात अनेक जण राहत असल्यास प्रत्येकाच्या चावीची जबाबदारी कोणाची.

भाडेकरू बदलताना मालकाने सिलिंडर बदलावे किंवा कुलपातील जुने आकडे व ठसे पुसून टाकावेत. आधीच्या भाडेकरूने किती चाव्या करून घेतल्या होत्या, हे नव्या भाडेकरूला कळण्याचा मार्ग नसतो. त्याच्या दृष्टीने घराची सुरक्षितता या एका साध्या कामापासून सुरू होते, आणि त्याचा खर्च एका चोरीच्या तुलनेत नगण्य असतो.