बायका मोजणारा कायदा

बाळगोळीचा विषय निघाला की माझ्या सासूबाई उठून दुसऱ्या कामाला लागायच्या. त्यांची आई परळच्या एका गिरणीत रीलिंग खात्यात होती. मोहरीएवढी अफूची गोळी दुधात उगाळून लेकराला चाटवायची, चाळीतल्या एखाद्या म्हातारीच्या हवाली करायचं आणि भोंग्याच्या आत दरवाजा गाठायचा. मूल संध्याकाळपर्यंत निपचित. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक बाळांना अफू दिली जाते, असंच त्यांना आढळलं. त्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. खाडा झाला की पगार कापला, वर नायकिणीची, म्हणजे खात्यातल्या मुकादम बाईची, बोलणी, करणार काय?

१९३४ च्या फॅक्टरी कायद्याने प्रांतिक सरकारांना पाळणाघराचे नियम करायची मुभा दिली. सक्ती झाली ती १९४८ ला: पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील, तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर खोली आणि शिकलेली बाई हवी. आमचे हे अशाच खोलीत वाढले. रांगेने टांगलेल्या झोळ्या, आणि केसांत कापसाची तुसं घेऊन पाजायला धावत येणाऱ्या बाया, एवढं त्यांना आठवतं.

पण मेख त्या पन्नासातच होती. मोजायच्या त्या बायका, पोरं नव्हेत. म्हणजे एक्कावन्नावी बाई घेणं मालकाला महाग! १९७६ साली आकडा तीसवर आला, मेख तशीच राहिली.

आणि जिथे हजेरीपटच नाही, तिथे? मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत राजघाटावरच्या बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी तंबू टाकला. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली.

मी डोंबिवलीत दोन खोल्यांत पाळणाघर चालवलं. डबा, दुपटं आणि तापाच्या औषधाची चिठ्ठी माझ्या हातात कोंबून आया लोकलसाठी पळायच्या. परवाना कुणी विचारला नाही, तपासायला कुणी फिरकलं नाही. लोक याला विश्वास म्हणतात. मी दुर्लक्ष म्हणते.

२०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने बायका-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी असले, तरी पाळणाघर सक्तीचं केलं. शेवटी पुरुषही मोजले गेले. तेव्हा तुमच्या कचेरीत पन्नास माणसं असतील, तर पाळणाघर कुठे आहे ते विचारा. आणि ते बापांनी विचारा.