जपानचे परदेशी उमेदवार

कोणाच्या तरी हाताखाली राहून काम शिकण्याला आपल्याकडे उमेदवारी म्हणतात. सुताराच्या पडवीत, छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत मागच्या पिढीतील कित्येकांनी अशी वर्षे काढली. मोबदला तुटपुंजा असे, कधी नुसते दुपारचे जेवण. पण हात बसला की माणूस मोकळा होई आणि धनी पटला नाही तर दुसरे दार ठोठावता येई. ही उमेदवारी समुद्रापलीकडे गेली आणि पारपत्रावरचा शिक्का तिचे नियम ठरवू लागला, तर तिचे काय होते? याचे उत्तर जपानच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासात जितके स्पष्ट मिळते तितके क्वचितच कुठे मिळत असेल. आपल्याकडील मुलेही आता तिकडची वाट विचारू लागली आहेत, म्हणून हा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटले.

प्रारंभ चांगला होता, हे आधी सांगितले पाहिजे. परदेशी तंत्रज्ञांना जपानी कारखान्यांत शिक्षण मिळावे म्हणून १९५९ साली तेथे एक खास संस्था स्थापन झाली. पुढे ज्या जपानी कंपन्यांनी परदेशांत कारखाने काढले, त्या तेथील कामगारांना शिकण्यासाठी जपानला नेऊ लागल्या. आपल्याला जवळचे उदाहरण मारुतीचे. १९८२ साली मारुती उद्योगाचा सुझुकीशी करार झाला, कामगारांच्या तुकड्या जपानला जाऊन आल्या आणि डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. शिकणाऱ्याची वाट पाहणारा कारखाना त्याच्या मायदेशी उभा होता. शिक्षण खरे की खोटे, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी आम्हांला माहीत नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये उद्योगधंद्यांना विलक्षण बरकत आली आणि माणसे अपुरी पडू लागली. घाणीचे, कष्टाचे आणि धोक्याचे काम जपानी तरुण नाकारू लागले. ‘कितानाई, कित्सुई, किकेन’ या तीन शब्दांवरून अशा कामाला ‘तीन के’ असे नावच पडले. परंतु अकुशल परदेशी मजुरांना देशात घ्यायचे नाही, हे सरकारचे धोरण होते. मजूर तर हवा, पण त्याला मजूर म्हणायचे नाही, अशी ही अडचण. १९८९ साली परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचा कायदा सुधारण्यात आला. जून १९९० पासून तो लागू झाला आणि त्यात ‘केन्शू’, म्हणजे प्रशिक्षण, या नावाचा स्वतंत्र निवासपरवाना आला. त्याच वर्षी लहान कारखान्यांनाही आपल्या संघांमार्फत परदेशी प्रशिक्षणार्थी आणण्याची मुभा मिळाली. त्या कारखान्यांचा परदेशाशी काही व्यवहार असलाच पाहिजे, अशी अट राहिली नाही. सारी मेख येथे होती. शिकून परत गेलेल्या मुलाची वाट पाहणारा कारखाना आता कोठेच नव्हता.

१९९३ साली ‘गिनो जिस्शू’, अर्थात तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना सुरू झाली. प्रगत देशाचे कौशल्य विकसनशील देशांना द्यावे, हा तिचा जाहीर हेतू. पहिले वर्ष प्रशिक्षणाचे, त्यापुढे प्रत्यक्ष कामाचा सराव. १९९७ पासून एकूण मुदत तीन वर्षांपर्यंत गेली. पहिल्या वर्षी उमेदवाराला पगार नसे, निर्वाहभत्ता असे. कायद्याच्या दृष्टीने तो कामगारच नव्हता, त्यामुळे किमान वेतनाचा कायदा त्याला लागू होत नसे. जादा वेळ काम करण्यास त्याला मनाई होती. म्हणजे जादा काम केलेच, तर त्याचा हिशेब कायद्यात बसतच नसे. शिवणकामाच्या लहान कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत राबवून तासाला अवघे ३०० येन हातावर ठेवल्याच्या तक्रारी पुढे उघड झाल्या. शेतमळ्यांत आणि मासळी साफ करण्याच्या शेडमध्ये कौशल्य ते कोणते शिकवले जात होते, हा प्रश्न विचारायला कोणी तयार नव्हते.

या योजनेतील सर्वांत जाचक गोष्ट मात्र पैशाची नव्हती. परवाना एका मालकाशी बांधलेला होता. मालकाने छळले तरी दुसरीकडे काम धरता येत नसे. सोडून गेला की त्याचे तेथील वास्तव्यच बेकायदा ठरे. त्यातच निघतानाचे कर्ज. जपान सरकारच्या निवास सेवा विभागाने २०२२ साली केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक प्रशिक्षणार्थी कर्ज काढून आलेले आढळले. घर गहाण, मुदत तीन वर्षांची आणि मधूनच परत पाठवण्याची टांगती तलवार, अशा स्थितीतला तरुण तक्रार कोणाकडे करणार? अनेकजणी गरोदरपण लपवून काम करीत राहिल्या, त्याचे कारणही हेच. काहींनी पळून जाण्याचा मार्ग पत्करला. एकट्या २०२३ सालात ९,७५३ प्रशिक्षणार्थी आपापल्या कामाच्या जागेवरून नाहीसे झाले. या उमेदवारांत वियेतनामी सर्वाधिक, आणि त्यांत कॅथॉलिकही पुष्कळ. त्यामुळे लहान गावांतील चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला त्यांची गर्दी होऊ लागली, आणि त्यांची कैफियत प्रथम ऐकणारे कित्येकदा तेथील धर्मगुरू किंवा धर्मभगिनी असत.

सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. जुलै २०१० पासून, आरंभीचे काही आठवड्यांचे वर्ग संपताच, उमेदवाराला कामगार मानून कामगार कायदे लागू झाले. सतरा वर्षे लागली एवढ्याला! २०१६ साली स्वतंत्र कायदा संमत झाला. पारपत्र काढून ठेवणे आणि करार मोडल्यास दंड आकारणे त्याने गुन्हा ठरवले. देखरेखीसाठी संस्था नेमली. मजुरांची टंचाई भागवण्याचे साधन म्हणून ही योजना वापरू नये, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे. आणि त्याच कायद्याने कमाल मुदत पाच वर्षांवर नेली! २०२३ अखेर प्रशिक्षणार्थींची संख्या चार लाखांवर पोहोचली होती. कागदावरील हेतू आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत इतके अंतर आम्ही क्वचितच पाहिले आहे.

अखेर जून २०२४ मध्ये जपानी संसदेने ही योजना बंद करून तिच्या जागी ‘इकुसेई शूरो’ आणणारा कायदा संमत केला. कामातून माणूस घडवणे, असा त्या नावाचा आशय. अंमल एप्रिल २०२७ पासून ठरला. मायदेशी कौशल्य नेण्याची भाषा त्यातून गेली. जपानला माणसे हवी आहेत, हे मोकळेपणाने मान्य झाले. आम्हांला हे जुन्या सोज्वळ शब्दांपेक्षा बरे वाटते.

आपला देश या कथेत उशिरा आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारताने जपानशी या योजनेबाबत सहकार्याचा करार केला. वृद्धांची शुश्रूषा हे कामही त्याच वर्षी योजनेत समाविष्ट झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाखांहून अधिक लोकांच्या देवाणघेवाणीचा संकल्प जाहीर केला असून त्यात भारतातून जाणाऱ्या ५०,००० कुशल व्यक्तींचा समावेश आहे. तेव्हा आपल्या घरांतही हा विषय निघणारच. मध्यस्थाच्या हाती रक्कम ठेवण्यापूर्वी आईवडिलांनी विचारावे की, परवाना नेमका कोणत्या नावाचा आहे, आणि मालक बदलता येतो की नाही. नव्या कायद्यानुसार एक ते दोन वर्षांनंतर त्याच व्यवसायात दुसरा मालक धरता येईल, मात्र त्यासाठी कामाची आणि जपानी भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल. पुण्यात जपानी भाषेचे वर्ग बऱ्याच वर्षांपासून चालतात. निघण्यापूर्वी तेथे घातलेले सहा महिने तिकडे मालक बदलण्याची वेळ आलीच, तर कामी येतील.