आर्नोकाठची छत्री

परदेशी निवर्तलेल्या आप्ताचा देह आज विमानाने स्वगृही आणता येतो; १८७० साली तशी सोय नव्हती. इंग्लंडचा प्रवास आटोपून परतताना कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स येथे कालवश झाले. देह पंचगंगेकाठी न्यावा, तर समुद्रमार्ग आठवड्यांचा. तेथेच अंत्यविधी करावा, तर त्या कॅथॉलिक नगरीत दहनाची चाल नाही. अखेर परिवाराच्या मंडळींस अधिकाऱ्यांकडून खास अनुज्ञा मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. १८७४ साली तेथे छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. देह मायभूमीस पोहोचेना, तेव्हा निदान विधी तरी देहापाशी पोहोचविला; यातच आप्तधर्माचे सार आहे, असे आम्हांस वाटते.