नऊच्या आधी दहा

युनिक्सच्या 'सॉर्ट' या आज्ञेला ९, १०, २ आणि १०० हे आकडे दिले, की ती १०, १००, २, ९ असा क्रम लावून देते. शेल स्क्रिप्ट शिकणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी थबकतो. यंत्र मात्र चुकलेले नसते. शब्दकोशात 'कमळ' 'घर'च्या आधी येतो तो पहिल्या अक्षरामुळे. तसेच इथे १ हे चिन्ह ९ या चिन्हाच्या आधी येते आणि पुढचे पाहण्याची गरजच उरत नाही. टंकलेला आकडा यंत्राच्या लेखी आकडा नसतो, चिन्हांची ओळ असते.

हा घोळ छिद्रपत्रांच्या काळात नव्हता. हर्मन होलेरिथने १८९०च्या अमेरिकी जनगणनेसाठी छिद्रपत्रे वापरली, आणि पुढे त्यांची वर्गवारी करणारी यंत्रे कचेऱ्याकचेऱ्यांत रुळली. पत्रावर प्रत्येक अंकाचा रकाना ठरलेला असे. आधी एककाच्या रकान्यावर पत्रांचा गठ्ठा वाटायचा, तो क्रमाने एकत्र करायचा, मग दशकाचा रकाना, मग शतकाचा. शेवटच्या फेरीनंतर सगळा गठ्ठा आपोआप क्रमात येई. ९ हा अंक एककाच्याच घरात छापलेला असल्याने तो दहाच्या पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. संख्येची जागा नमुना आखणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेली होती.

टेलिटाइपसमोर बसलेल्या माणसाला असे रकाने नव्हते. तो हवे ते, हवे तितके टंकत होता. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्सची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१मध्ये निघाली. तीत 'सॉर्ट' आहे. केन थॉम्प्सनने लिहिलेली ही आज्ञा ओळींची तुलना अक्षरशः करते. १९६३च्या आस्की संकेतात ० ते ९ या अंकांना ४८ ते ५७ असे सलग क्रमांक मिळाले होते, त्यामुळे एकअंकी संख्यांपुरते सारे सुरळीत दिसते. त्यापुढे माणसाने सांगावे लागते: हे शब्द नाहीत, संख्या आहेत. त्यासाठी '-एन' ही खूण.

१९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बॉर्नच्या शेलने हाच स्वभाव पुढे नेला. तिथे प्रत्येक चल म्हणजे अक्षरमाला. (डोनाल्ड शेलच्या १९५९च्या 'शेल सॉर्ट'शी या शेलचा नावापलीकडे संबंध नाही.) बेरजेसाठी 'एक्सपर' ही वेगळी आज्ञा, आणि संख्यांची तुलना करायला '-जीटी'सारखी अक्षरी चिन्हे. गणितातले '>' हे चिन्ह वापरावे, तर शेलला ते उत्तर फाइलीत वळवण्याचा हुकूम वाटते. तुलना होतच नाही. उलट '१०' नावाची एक रिकामी फाइल मात्र तयार होते! विद्यार्थ्यांच्या कित्येक डिरेक्टऱ्यांत अशा अंकनामी फाइली सापडतील.

या काटेकोरपणाचे सौंदर्य १९८६मध्ये दिसले. जॉन बेंटलीच्या सदरासाठी डोनाल्ड कनूथने मजकुरातले सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधणारा अनेक पानी प्रोग्रॅम लिहिला. समीक्षक डग्लस मॅक्इलरॉयने तेच काम सहा आज्ञांच्या एका साखळीत करून दाखवले. त्या साखळीत 'सॉर्ट' दोनदा येते: एकदा शब्दांसाठी साधी, आणि मोजणी झाल्यावर संख्यांसाठी '-आर' आणि '-एन' या खुणांसह. माझ्या मते या आज्ञेची याहून चांगली ओळख कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आता आपल्याकडे वळू. या लेखात छापलेलेच देवनागरी अंक सॉर्टला दिले, तर '-एन' लावूनही १० पुन्हा ९च्या आधी येतो. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांचे दहा संकेत अगदी ओळीने आहेत. अडचण क्रमाची नाही. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी जीएनयू सॉर्ट फक्त आस्कीचे दहा अंकच अंक मानते. बाकीच्या ओळीत संख्या नाही असे समजून ती प्रत्येकीची किंमत शून्य धरते, आणि बरोबरी झाली म्हणून पुन्हा अक्षरक्रमाकडे वळते. तक्रार काही करत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. गावाच्या यादीतले घरक्रमांक मराठीत टंकणाऱ्याला हे उशिराच कळते.

उपाय एका ओळीचा आहे. 'सेड'च्या 'वाय' आदेशाने दहा देवनागरी अंकांच्या जागी दहा आस्की अंक घालायचे, मग '-एन' लावून क्रम लावायचा, आणि त्याच आदेशाने उलट बदल करून आपले अंक परत आणायचे. फक्त मजकुरात मुळातच दोन्ही तऱ्हेचे अंक मिसळलेले असतील, तर परतीच्या वाटेवर सगळेच देवनागरी होऊन येतात.