वेगळं इंजिन बसवलेलं जुनं विमान घ्यावं का? समजून घ्या

जुनी कार घेताना नंतर बसवलेलं सीएनजी किट आरसी बुकात नोंदवलंय का, हे आपण पाहतो. छोट्या विमानाच्या बाबतीत असाच प्रश्न कितीतरी महागात पडू शकतो.

सेसना १७२ हे चार आसनी विमान साधारणपणे पेट्रोल इंजिनावर उडतं. युरोपात काही मालकांनी ते इंजिन काढून जर्मनीच्या थिलर्ट कंपनीचं सेंच्युरियन १.७ हे डिझेल इंजिन बसवलं. मर्सिडीज कारच्या इंजिनावर आधारलेलं हे इंजिन जेट इंधनावर चालतं आणि इंधनही कमी लागतं. तिथे विमानाचं पेट्रोल महाग, त्यामुळे सौदा फायद्याचा वाटला.

मात्र २००८ मध्ये थिलर्ट दिवाळखोरीत गेली. वॉरंटी बुडाली आणि सुट्या भागांचा खर्च मालकांवर आला. गिअरबॉक्स दर ३०० तासांनी काढून तपासावा लागे. ठरलेले तास भरले की इंजिन ओव्हरहॉल न करता बदलावंच लागे. २०१३ मध्ये कॉन्टिनेंटल मोटर्सच्या चिनी मालक कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला.

खरेदीआधी काय तपासाल?

• बदलाचं पूरक प्रमाणपत्र, म्हणजे एसटीसी, याच मॉडेलसाठी आहे का? आपल्या देशात ते मान्य आहे का?
• ते आज कोणत्या कंपनीकडे आहे? सुटे भाग मिळतात का?
• हे इंजिन जाणणारा परवानाधारक इंजिनिअर जवळपास आहे का?
• इंजिनाचे किती तास उरलेत?

विमान स्वस्त दिसलं, तरी नव्या इंजिनाचा खर्च धरूनच किंमत ठरवावी. कारण अशा खरेदीत विमानासोबत इंजिन कंपनीचं भवितव्यही गळ्यात पडतं.