जुन्या डीबीएफ नोंदींचे रूपांतर आणि नक्कल

रत्नागिरी : २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत चिपळूण शहर पाण्याखाली गेले. दुकाने, कार्यालये व ग्रंथालयांतील दप्तरांचे अतोनात नुकसान झाले. नोंदींची एकच प्रत एकाच जागी ठेवणे किती धोक्याचे आहे, हे कोकणाने असे दोनदा अनुभवले. मात्र, नुसती नक्कल पुरेशी नाही. ती उद्याच्या संगणकावर वाचताही आली पाहिजे.

डीबीएफ म्हणजे काय?

१९९० च्या दशकात पतपेढ्या, दुकाने व लहान संस्थांचे हिशेब अनेकदा डीबेस किंवा फॉक्सप्रो या प्रणालींत ठेवले जात. त्यांच्या फाइली 'डीबीएफ' स्वरूपाच्या असतात. फॉक्सप्रोची अखेरची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा आधार थांबविला.

रूपांतराचे साधन

'ओजीआर-टू-ओजीआर' ही मोफत, मुक्त स्रोत आज्ञा मूळची नकाशांच्या कामाची. पण ती साध्या डीबीएफ फाइलीही वाचते आणि त्यांचे सीएसव्ही किंवा एसक्यूलाइट स्वरूपात रूपांतर करते. आज्ञेत आधी हवे ते स्वरूप, नंतर नव्या फाइलीचे नाव व शेवटी जुन्या फाइलीचे नाव लिहावे लागते. नेहमीच्या कॉपी आज्ञेपेक्षा हा क्रम उलटा आहे. त्यामुळे मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवरच काम करणे इष्ट.

मराठी मजकुराची अडचण

जुना मराठी मजकूर बहुधा 'इस्की' या १९९१ च्या भारतीय मानकात किंवा विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिक लिपीत असतो. तो युनिकोडमध्ये न आणल्यास नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. इस्कीसाठी 'यूकॉन्व्ह' ही आज्ञा उपयोगी पडते; फॉन्टमधील मजकुराला मात्र त्या त्या फॉन्टचा स्वतंत्र तक्ता लागतो. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट पुरतो, तर युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन लागतात. म्हणूनच रूपांतरित मजकूर पुन्हा त्याच रुंदीच्या डीबीएफ रकान्यात भरल्यास नावे तुटतात.

ही दक्षता घ्यावी

* डीबीएफमध्ये खोडलेली नोंद लगेच नष्ट होत नाही. तिच्यावर केवळ खूण होते. काही साधने ती वगळतात, काही पुन्हा जिवंत करतात.
* दीर्घ टिपा निराळ्या मेमो फाइलीत असतात. तीही सोबत घ्यावी व रूपांतरानंतर टिपा आल्या का, हे पाहावे.
* सीएसव्ही थेट स्प्रेडशीटमध्ये उघडल्यास '००४५' हा खाते क्रमांक '४५' होतो.
* नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज दोन्हीकडे जुळवावी.

बेरीज जुळल्यावर एक प्रत पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर आणि दुसरी परगावी ठेवावी. मूळ डीबीएफही जपून ठेवावी. रूपांतरातील चूक वर्षांनंतर लक्षात आली, तर तोच एक पुरावा उरतो.